खिळ्याला अडकवलेली तार

वसमतच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत वायरलेस सेट होता, आणि तो माझा होता. हसू नका. सातवी शिकलेली बाई मी, पण इंग्रजी अक्षरं जुळवत हौशी रेडिओची परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाले, लायसन काढलं. आवाज लांब जावा म्हणून आमच्या ह्यांनी एक अँप्लिफायर घरीच बांधून दिला. हे वायरमन. त्या अँप्लिफायरमधून एक बारीक तार सेटकडं परत यायची. आपण जोरात बोललो की तिनं सेटला दाबायचं, 'बस, आवर आता,' एवढंच तिचं काम.

दिवाळीच्या साफसफाईत ती तार मीच उपसली. जास्तीची असंल म्हणून खिळ्याला अडकवली. तर काय, सेटवरची आवाजाचा जोर दाखवणारी सुई पार टोकाला जायला लागली! लांबलांबची माणसं म्हणायची, "ताई, आज आवाज दणदणीत. जरा फाटून राहिला." मी दणदणीत तेवढं ऐकलं. ह्यांना काही बोलले न्हाई.

भिंतीपल्याड एक मावशी राहायच्या. मालक जाऊन वर्ष झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. मालकांचा टेपरेकॉर्डर त्या सदा चालू ठेवायच्या. आत कॅसेट नसायची, नुसता लाल दिवा. तेवढाच त्यांना दिसायचा.

दिवाळीनंतर त्यांचा लेक आमच्या दारात आला, रडकुंडीला.

"वहिनी, तुमी तरी सांगा आईला. डॉक्टर म्हणले, आता ऑपरेशन न्हाई केलं तर डोळे जातील. ही जागची हलंना."

गेले. मावशी टेपसमोर बसलेल्या. समोर दोन कप चहा, एक निवलेला.

"काहून जात न्हाई, मावशी?"

"दिवेलागणीला ते यातून बोलतात, सूनबाई. दाराला कुलूप दिसलं तर कुठं जातील?"

दिवेलागणीला तर मी सेटवर बसते! तशीच उठले. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, तारेचंही. हे म्हणाले, "आधी बघू तरी." त्या संध्याकाळी हे सेटवर बसले, मी मावशींजवळ. टेपमधून पाण्यात तोंड घालून बोलावं तशी गुरगुर आली. एक शब्द कळंना.

मावशींनी मान हलवली. "हा तुझा नवरा. माझे मालक हळू बोलतात."

मग मी घरी आले न् हे तिकडं गेले. मी रोजच्यासारखं बोलले. हे परत आले. पाणी प्याले.

"काय झालं?"

"तुझा आवाज तिथं बाईचा वाटत न्हाई," हे म्हणाले. "आन् मावशी त्याला उत्तरं देत होत्या. बराबर, जागच्या जागी."

ह्यांनी मला लगेच कारण समजावलं. फाटलेला आवाज टेपच्या वायरींत शिरतो, शब्द मोडतात, चढउतार तेवढा राहतो. मला पटलं. पण त्यानंतर हे दिवेलागणीला त्या घरात कधी गेले न्हाईत.

मी खिळ्यावरची तार काढली. हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मावशींचं दुसऱ्यांदा कुंकू पुसायला निघाल्यासारखं वाटलं. मग लावली. बोलले, तर सुई निम्म्यावर येऊन थांबली, कुणी हात धरल्यासारखी.

तिसऱ्या संध्याकाळी भिंतीवरून हाक आली. "सूनबाई, आज बी आले न्हाईत गं."

"दमले असतील, मावशी."

चौथ्या दिवशी त्या लेकासोबत नांदेडला गेल्या.

महिन्याभरानं आल्या, चष्मा लावून. टेप काढून माळ्यावर टाकलेला. मी चहा ठेवला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते. त्या माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी हळूच डोळे मिटले.

"काय झालं, मावशी? चष्मा टोचतो का?"

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "तू बोल. थांबू नको."