फ्रिजमधले बटाटे

काल सुनेनं फ्रिजमधले बटाटे तळले आणि तो करपट-गोड वास मला थेट कोराडीच्या वीज केंद्रातल्या बाबांच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला.

मी मॅट्रिकला होते, त्या दिवाळीत आमच्याकडे पहिला फ्रिज आला. आईनं कौतुकानं बटाटेही त्यात ठेवले. एकादशीला काप तळले, तर काळपट आणि गोड!

"सडले. फेका," बाबा म्हणाले.

"सडले नाही, बाबा," मी अडून बसले. "पानात साखर बनते, बटाटा तिचा स्टार्च करून ठेवते. थंडीनं त्याची परत साखर झाली. उबेत ठेवले तर पुन्हा स्टार्च होईन."

मॅट्रिकनंतर मी आर्ट्स घ्यायचं, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. "मोठी सायन्सवाली! दाखव करून."

मी उरलेले बटाटे पोत्यात घालून खाटेखाली सरकवले. पुढच्या महिन्यातल्या एकादशीला आईनं तेच तळले. पिवळेधम्मक, कुरकुरीत! बाबांनी ताटली रिकामी केली आणि पुढे धरली.

"अजून दे वं."

आईनं काप भरलेला झारा कढईवरच रोखला. "आधी सांगा, पोरीले सायन्सले टाकता ना?"

माझ्या बटाट्यांनी बाबांना जिंकलं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. काल मात्र डोळ्यांसमोर आला तो आईचा झारा, तेल निथळत असलेला, हलायचं नाव न घेणारा.