भांग नव्हे, चाचीचा चहा

बीडच्या आमच्या गल्लीत खातूनचाचीवर अन्याय झाला तो गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी, ती ओट्यावर बसून हिरवा चहा फेटत असताना. आबकारीचा शिपाई ओट्यावर चढला, वाडग्यात डोकावला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ही तर भांग पितीय!"

चाची सुईण. या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जगात आली, मीही त्यातलाच. कुणाला कळा लागल्याचा निरोप आला तरच तिचा सकाळचा चहा चुकायचा, एरवी कधीच नाही.

हा चहा तिला शिकवला एका जपानी बाईनं. जिनिंग कारखान्यावर कापूस घ्यायला आलेल्या साहेबाची ती बायको. इथंच बाळंतपणात अडली आणि चाचीनं तिला सोडवलं. तेव्हापासून दर हंगामाला कापसाच्या माणसांबरोबर एक डबा येई. आत हिरवीगार पूड.

पूड मलमलीतून चाळायची, चिमूटभर वाडग्यात घ्यायची आणि आधण उतरवून गप्प बसायचं. मी घाई केली की म्हणे, "काइकू रे? उकळतं पानी घातलं तर पत्ती जळती. ठैर जरा." मग बांबूच्या बारीक काड्यांचा कुंचा घेऊन फेटत राहायची, वर पोपटी फेस येईपर्यंत. दूध नाही, साखर नाही. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा माझं तोंड वाकडं झालं. चाची खो खो हसली, "जनमला तवा बी असंच तोंड केलतंस!"

त्या शिपायापुढंही तिनं वाडगा धरला. "पिऊन बघ. चढली तर बांधून ने मला." तो प्यायला नाही. डबा उचलून चालता झाला.

चार दिवसांनी डबा परत आला. भांग नव्हतीच! पण आरोप झाला भर गल्लीत आणि सुटका आली फडक्यात गुंडाळून, मागच्या दारानं. आमचं चुकलं, असं ओरडून सांगायला कुणी आलं नाही.

शिपायाचं सोडा. आपण काय केलं? जिच्या खांद्यावर डोकं ठेवून बायका बाळंत झाल्या, तिच्याबद्दल त्याच म्हणू लागल्या, "नशेतल्या हातात लेकरू कसं द्यावं बाई?" माझी आईही म्हणाली. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दिवाळीपर्यंत चाचीकडं एकही निरोप आला नाही. शेवटी ती लिंबागणेशला बहिणीकडं निघाली. गाडीत बसली तेव्हा मी म्हणालो, "चाची, मी पत्रक काढतो."

"काढ की. पन पत्रकानं कुनी बाळंत होतं का, बेटा?"

मागच्या महिन्यात वहिनीचे दिवस भरत आले. आईनं दुसऱ्या सुईणीचं नाव काढलं. वहिनी, जी कधी आईपुढं तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मला चाचीच पायजे. दुसरीला मी हात लावू देनार न्हाई." दादानं बैल जुंपले. चाची आली. आल्या आल्या वहिनीचं पोट चाचपून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप.

उजाडल्यावर चाची आमच्या ओट्यावर चहा फेटायला बसली. गल्ली दारादारांतून बघत होती. आई बाहेर आली आणि तिनं सगळ्यांदेखत तो वाडगा तोंडाला लावला.

"लई कडू हाय गं!"

"कडू हाय. पन डोस्कं जाग्यावर हाय ना?"

"हाय!" आई म्हणाली. कुजबुजत नव्हे, पार टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं.

चाची परत गेली, सध्या लिंबागणेशलाच आहे, पण इथली खोली तिनं सोडलेली नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर उद्याच गाडी जुंपा. तिच्यापुढं उभे राहा, "चाची, आम्ही चुकलो" असं स्वतःच्या तोंडानं म्हणा, आणि तिला घेऊन या.