जिकनाऱ्यांची काळजी

हारनाऱ्याची काळजी समदं जग करतंय, पर जिकनाऱ्यांच्या काळजीनं वाळून लाकूड झालेलं मानूस म्या जल्मात येकच बघितलं, आन् ती म्हंजे आमची आत्याबाई. माझ्या सासऱ्याची थोरली बहीन. आमच्या गावची हुतूतूची पोरं तवा इकडं कल्यानी आन् तिकडं उदगीरपस्तोर कुनालाच ऐकत न्हवती. सुगी सरली की जत्रा सुरू, जत्रा म्हन्लं की हुतूतू, आन् हुतूतू म्हन्लं की आमची सात पोरं. चिंताकीला जिकली, संतपूरला जिकली, मुडबीला तर समोरच्यानी हसत हसत खेळाच्या आधीच जिकल्याचा नारळ हातात दिला. गावातला म्हातारा मानूस बी पटका तिरपा बांधून फिरायचा. येकट्या आत्याबाईचं तोंड कडू. "आत्याबाई, जिकले की वो," म्हन्लं की म्हनायची, "आज जिकले. उद्याचं काय?" उद्या जिकले की म्हनायची, "लई जिकायलेत गं. हे काय बरं लक्षन न्हाई."

संघ सावकारानं पोसलेला व्हता. कापसाच्या अडतीचा सावकार, त्येला नावाची हौस. गड्याला सकाळी म्हशीचं दूध, सांजला जवारीची भाकर आन् वर तूप, शेतातल्या कामाला सुट्टी. बाकी गाव आंबाडीची भाजी आन् भरडल्या जवारीच्या कन्या खाऊन व्हतं. निजामाचं राज्य गेलं, नवं राज्य आलं, समदे म्हनायले, पर आमच्या चुलीला ते कळलं न्हवतं. त्या पोरांचा म्होरक्या संगाप्पा. त्येचा दम काय सांगू! हुतूतू म्हनत समोरच्यात घुसला की इकडं बायकानी मिसरी लावावी, थुकावी, तोंड धुवावं, येकमेकीच्या सासवांची उनीदुनी काढावी, आन् वळून बघावं तर ह्येचं हुतूतू तसंच चालू. दम न तोडता कुनाला शिवून परत आला की शिवलेले बाद. धरून ठेवला आन् दम तुटला की ह्यो बाद. येवढाच तो खेळ. पर आत्याबाईला इचारलं तर ह्याच्यावर जगाचं समदं चालायलंय.

पोरं काय खात्यात, कवा झोपत्यात, कुनाशी बोलत्यात, समद्यावर तिची नदर. येक डाव बाजारात संगाप्पा हाटेलापुढं भजे खात हुबा व्हता. ही तरातरा गेली आन् त्येच्या हातातला कागदच वढून घेतला. "भजे खाऊन दम टिकतोय व्हय रं मुडद्या? त्याल घशात बसलं म्हंजे हुतूतू कोन म्हनंल, तुजा सावकार?" संगाप्पा येवढा हत्तीसारखा गडी, पर खाली मान घालून म्हनायला, "आत्या, येकच खाल्लं वो." "तोंड उघड, मोजते!" आन् त्येनं भर बाजारात तोंड उघडलं! ते भजे तिनं घरी आनून आमाला दिले, तेवढं एक बरं झालं. पर दुसऱ्या डावाला घरात दोन भाकरीपुरतं पीठ उरलं व्हतं, तवा मी थापलेल्या भाकरी पदराखाली घिऊन ही संगाप्पाच्या घरी. म्हनं, सावकाराच्या भाकरीत माया नसती. त्या दिवशी आमी पानी पिऊन झोपलो.  भांडून भाकर येती व्हय?

खेळ चालू झाला की ती एका जाग्याला ठरायची न्हाई. परगावच्या जत्रेत आमी बायका रिंगनाच्या कडंला गाडीत बसायचो. ही गाडीच्या ह्या टोकाला, त्या टोकाला, खाली, वर, चाकावर, जुवावर. बैल बिचारे सोडून बांधलेले, ते सुदिक हिच्याकडं बघत रवंथ इसरायचे. संगाप्पा दम धरून गेला की ही बी दम धरायची. व्हटातल्या व्हटात हुतूतू हुतूतू. हुमनाबादच्या बाजूला एका जत्रेत त्येला चौघानी दाबून धरलं, आन् त्यो दम काय सोडंना. हिकडं हिचं तोंड आधी तांबडं, मग जांभळं, मग काळं. त्यो सरपटत रेघंवर आला, आन् ही गाडीत आडवी. म्या पानी मारलं, कांदा नाकाला लावला. डोळे उघडून पैलं काय बोलली असंल? "शिवला किती जनाला?"

आन् माझी तर त्या हंगामात गंमतच झाली. पैल्या खेळाला लेकरू रडायलं म्हून मी पाठ करून त्येला पाजायला बसले, आन् नेमकं तवाच आपल्या पोरानी पलीकडचा गडीन् गडी बाद केला. झालं! आत्याबाईनं ठरवलं, ही सून पाठ करून बसली की आपन जिकतो. तवापासून हर जत्रेत मी रिंगनाकडं पाठ करून. येवढं लोक कोसावरून बघायला येत्यात, आन् मी तिथं बसून बाभळी बघायची. लेकरू झोपलं आसलं तरी वळायचं न्हाई. मान जराशी हालली की पाठीत बुक्की. "कामून वळायलीस? पोरं मारायचीत का?" मला खेळ कळायचा तो हिच्या बुक्क्यावरून. हळू बुक्की म्हंजे आपला गेला, जोरात म्हंजे त्यांचा गेला.

लोक हसायचे. मी बी हसायचे, पर मला ठावं व्हतं. निजामाचं राज्य जायच्या वक्ताला, त्या दंग्याच्या सालात हिच्या सासरच्या गावाला आग लागली, त्यात हिचा नवरा आन् हाताशी आलेला लेक गेला. त्या दिवशी ही हितं माहेराला आलती, पंचमीला, झोका खेळायला. तवापासून तिच्या मनानं घेतलं, की आपली नदर हालली म्हंजे वाईट व्हतंय. मला येकदा दळताना म्हन्ली, "मी बघत न्हवते गं पोरी. म्हून झालं." जात्याचा खुटा तसाच फिरवत व्हती. मग दूध उतू जाऊ नये म्हून चुलीपाशी, म्हस चुकू नये म्हून येशीपाशी, आन् पोरं हारू नयेत म्हून रिंगनापाशी. हर जाग्याला तिला असावंच लागायचं. ती असली की वाईट व्हत न्हाई, येवढ्या एका गोष्टीवर ती जगायली व्हती.

दुसऱ्या वरसाला सावकारानं येक नवा गडी आनला. गुलबर्ग्याच्या पलीकडचा, नाव शरणप्पा. गडी लोखंडासारखा, घोटा धरला की मुंगूस सोडंल पर ह्यो सोडायचा न्हाई. येवढंच, की निव्वळ कानडी, मराठीचा शबूद येत न्हाई. आमच्याकडं घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू, समद्याला समदं थोडं थोडं येतंय. आत्याबाईला तर कानडी माझ्यापेक्षा बरी यायची. पर येवढं ध्यानात ठिवा, वरडताना मानूस येकाच भाषेत वरडतंय.

हंगामातली शेवटची मोठी जत्रा. दोन्हीकडचे गडी सपत आलेले. त्यांचा येक उरला, आपला बी येकटा शरणप्पा; त्यांचा गडी दम धरून आत आला, आन् शरणप्पानं त्येचा घोटा धरला. आता निस्तं धरून ठिवायचं. त्येचा दम तुटला की हंगाम आपला. समदी जत्रा गप. आन् त्या गपमधी आत्याबाई जुवावर हुबी राहून अख्ख्या गळ्यानं वरडली, "भिडूऽऽ! ए भिडूऽऽ! भिडूऽऽ!" तिला म्हनायचं व्हतं, ए गड्या, घट धर. आन् शरणप्पानं सोडलं की वो! हात उघडून सोडलं, आन् गाडीकडं तोंड करून, हात जोडून हुबा राहिला. त्यो समोरचा सरपटत गेला, रेघ शिवला. हारलो आपन.

कानडीत बिडु म्हंजे सोड.

संध्याकाळी शरणप्पा आमच्या दारात आला, पाया पडला, रडकुंडीला येऊन म्हनायला, "अव्वा, नीवे बिडु अंद्री!" तुमीच सोड म्हन्लाव की.

"अरे मुडद्या, भिडू म्हन्ले मी, भिडू!"

"अदे री! बिडु!" तेच की वो!

"बिडु न्हाई रं, भिडू! भऽ! भऽ!"

"वडीलधारी बाई भऽ भऽ करून सोड म्हनायली, मी कसं धरून ठिवू?" हे त्यो कानडीत म्हन्ला. आमचे मालक दारातच खाली बसून हसायले, सासऱ्यानं तोंडाला पंचा लावला. मला बी हसू आवरंना. येकटी आत्याबाई हसली न्हाई. तिनं त्येच्या डोक्यावर हात ठिवला, त्येला गूळ आन् पानी दिलं, आन् आत जाऊन भिताडाकडं तोंड करून बसली. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हन्ली, "बघत व्हते गं ह्या वक्ताला. बघत असूनबी झालं."

मग सावकाराचा निरोप आला. आत्याबाईनी जत्रेला यावं, गाडीत बसावं, पर तोंडातून शबूद काढू नये. कुनाला वाटलं ही भांडंल. ही "बरं" म्हन्ली. न बघता घरी बसनं तिला सोसलं नसतं, म्हून तिनं गप बसनं घेतलं. पुढच्या हंगामात जत्रेमागून जत्रा ती पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली. दोन इरकली लुगड्याचे पदर दातानं कुरतडून गेले. कुनाच्या ताटातलं वढलं न्हाई, कुनाचं तोंड उघडून बघितलं न्हाई. मला म्हन्ली, "वळून बस, बघ बापडे." तवा मला पैल्यांदा तो खेळ दिसला. आन् काय सांगू तुमाला, मला वेड लागायची पाळी आली. त्यो संगाप्पा कसा वाकतोय, शरणप्पा कसा झेपावतोय, मला बाभळी बघण्यात गेलेली जत्रा आठवून वाईट वाटायलं.

आन् पोरं? पोरं जिकली. चिंताकी, संतपूर, मुडबी, समदीकडं. आत्याबाई गप, आन् पोरं जिकायलेत. भजे खाऊन जिकायलेत! असंच येका जत्रेहून आलो, मी भाकरी थापायली, ती चुलीपुढं बसली. लाकूड आत सारत म्हन्ली, "पोरी, मी वरडले तरी तेच, न्हाई वरडले तरी तेच."

"व्हय, आत्याबाई."

"म्हंजे माझ्यानं काय बी व्हत न्हवतं म्हन की."

मी तव्यावरची भाकर उलटली.  व्हय म्हनावं तर तिचं समदं काढून घेतल्यासारखं. न्हाई म्हनावं तर ती आग पुन्ना तिच्या माथ्यावर. म्या म्हन्लं, "व्हय, आत्याबाई, तुमच्यानं काय व्हत न्हवतं. त्या आगीच्या दिवशीबी झालं नसतं. तुमी तिथं असतांव तर तुमीबी गेल्या असतांव, आन् मला बुक्क्या कोनी मारल्या असत्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं. हसली का रडली ते चुलीच्या धुरात कळलं न्हाई. पर त्या दिवशी ती जेवून आडवी झाली, आन् दूध उतू गेलं तरी उठली न्हाई.

पुढं काय राहिलं न्हाई ते समदं. हैद्राबाद राज्याचे तुकडे झाले, आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर तिकडं मराठी मुलखात गेलं. सावकारानं म्हस इकली, शरणप्पा त्येच्या गावाला गेला, संगाप्पाच्या दमाला खोकला लागला. आत्याबाई तर कवाच गेली. आता पोरं जाळी बांधून हालीबाल खेळत्यात, त्यात दम लागत न्हाई म्हनत्यात. पर मला त्याच हंगामाच्या सरतीचा, चुलीपुढच्या त्या बोलन्यानंतरचा येक खेळ आठवतो, तिला पोचवलेल्या दिवसापेक्षा जास्ती. ती गाडीत बसली व्हती. निस्ती बसली व्हती, मांडी घालून, देवळात बसावं तशी. पदर खांद्यावर, तोंड मोकळं. आजूबाजूला समदे हुबे, आन् ही थंड. मला तिचं ते बसनं बघवंना. माझाच पाय ठरंना, माझंच बोट दातात. तवर तिकडं संगाप्पाला पाच जनानी धरलं, त्यो खाली, ते वर, आन् त्येचं हुतूतू बारीक बारीक व्हायलं.

मी कदी वरडले न्हवते. माझं पैलं लेकरू हगवनीनं गेलं तवाबी वरडले न्हाई, मांडीवरून उचलून नेलं तवा निस्ती बघत व्हते. पर त्या दिवशी मी गाडीत हुबी राहिले आन् काय झालं कुनाला ठावं, डोक्यावरचा पदर पडला ते बी कळलं न्हाई, अख्ख्या गळ्यानं वरडले, "सोडू नगंस दम! संगाप्पा, सोडू नगंस!"

आजूबाजूच्या चार गाड्या माझ्याकडं बघायल्या. आत्याबाईनं बी मान वळवली. वरून खालपस्तोर बघितलं मला.

"बाईमानसानं आसं गळा काढत्यात व्हय गं?" म्हन्ली, आन् बाजूला सरकून मला दिसंल अशी जागा करून दिली.