मुतखड्याचं औषध आणि पाशाचा सवाल

राधाकिशननं भर बैठकीत उभं राहून साखर कारखान्याच्या संचालकांना सांगून टाकलं, की मुतखड्याचं ते गोड पातळ औषध अगदी रामबाण आहे, आपण स्वतः तपासलंय. टाळ्या पडल्या. पुढच्या बैठकीत सगळ्या सभासदांसाठी खरेदीवर सही करायची, असं चेअरमन अर्जुनरावांनी जाहीरही केलं.

राधाकिशन मूळचा धारूरचा, कारखान्याच्या दवाखान्यात औषधं देणारा. त्या दुष्काळात उसाचं टिपरू नव्हतं, गाळप बंद होतं. चालू होता तो फक्त दवाखाना. बोअरचं खारं पाणी पिऊन अर्धा तालुका कंबर धरून यायचा.

राधाकिशनच्या शेजारच्या खुर्चीवर पाशा बसायचा. दोघं बीडला एकाच कॉलेजात शिकले, एका खोलीत राहिले, एकमेकांच्या डब्यातलं खाऊन वर नावंही ठेवली. मग कारखान्यानं पाशाला औरंगाबादला शिबिराला धाडलं. औषधाबरोबर छापून येणारा अभ्यास कितपत खरा, हे कसं ओळखायचं ते तिथं शिकवत होते. पाशा परत आला तो एक सवाल घेऊन: तुलना कुणाशी केली, आणि ती दोन्हीकडची माणसं सारखी होती का? एवढ्यावर गडी मोठा झाला. डॉक्टर म्हणायचे, "पाशाभाईंना दाखवा." अर्जुनराव म्हणायचे, "पाशाला बोलवा." राधाकिशनच्या पोटात कळ यायची. मुतखडा नव्हता, तरी यायची.

पाशाला विचारलं असतं तर त्यानं हौसेनं शिकवलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. राधाकिशननं 'तुलना' हा शब्द तेवढा उचलला आणि स्वतःच कामाला लागला. कारखान्याच्या कॉलनीतल्या कामगारांना औषध दिलं, शेजारच्या वाडीवरच्या लोकांना नुसत्या दुखण्याच्या गोळ्या. कॉलनीतल्यांचे खडे पडले. वाडीवरचे कण्हत राहिले. आता पाशानं बोलूनच दाखवावं!

पाशा बैठकीत बोललाच नाही. ते राधाकिशनला जास्त झोंबलं. दवाखान्यात आल्यावर त्यानंच उकरून काढलं, "गप कावून बसला बे?"

"लोकांसमोर काय बोलू?" पाशा म्हणाला. "कॉलनीत टँकर रोज येतो ना?"

"येतो."

"अन् वाडीवर?"

राधाकिशनला आता कुठं उमगलं. वाडीवर टँकर यायचा तो लोक त्याला विसरून गेल्यावर. तिथली माणसं तहान मारून जगत होती, आणि त्यानं पाण्याचं श्रेय बाटलीला दिलं होतं.

"जळतो काय रे माझ्यावर?" तो उसळून म्हणाला.

"जळतो की. टाळ्या मलाबी लई आवडतात," पाशा हसला. "पर सही व्हायच्या आधी पुन्यांदा तपासू. सगळे कॉलनीतलेच घेऊ. पानी सगळ्यांना सारखं. औषध कुनाला द्यायचं ते चिठ्ठी ठरवील."

चिठ्ठ्या झाडझूड करणाऱ्या कडूबाईंनी उचलायच्या ठरल्या. राधाकिशन म्हणाला, मीच उचलतो की. पाशा म्हणाला, "तू न्हाई, मीबी न्हाई. आपल्या दोघांच्याबी हातात खोट हाय." खरंच होतं, दणकट गड्यांना औषध मिळावं, अशी राधाकिशनची मनातून फार इच्छा होती.

ड्रायव्हर धुळाजीची चिठ्ठी कोरी, म्हणजे बिनऔषधाची निघाली. तो कडूबाईंवरच उखडला, "मावशी, मला गोड लागतं ते! दुसरी काढा."

"माझ्या हातानं तर तुमची लॉटरीबी लागायची न्हाई. पानी प्या गुमान," कडूबाई म्हणाल्या.

धुळाजी पाणी प्याला आणि त्याचा खडा पडला. औषधवाल्यांचेही पडले, पण बिनऔषधवाल्यांपेक्षा जास्त नाहीत आणि लवकरही नाहीत. राधाकिशननं निकाल उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. औषध काही जिंकेना.

आता अर्जुनरावांपुढं जाऊन स्वतःचंच बोलणं खोडायचं होतं. पाशा बरोबर यायला निघाला, तर हा म्हणाला, "राहू दे, मी जातो." निदान नाक कापून घेताना तरी शेजारी पाशा नको.

अर्जुनरावांनी ऐकून घेतलं. "म्हंजे औषध नको, पानी द्या?"

"हां साहेब. खरेदी थांबवा अन् वाडीवर टँकर वाढवा."

"तुमी स्वतः बोलले, स्वतःच खोडलं. असा मानूस पाहिजे मला," अर्जुनराव म्हणाले. "पन टँकरची गोष्ट ध्यानात कुनाच्या आली?"

राधाकिशनच्या तोंडात पाशाचं नाव आलं होतं. अगदी ओठावर होतं.

"तपासता तपासता आली, साहेब."

पुढच्या शिबिराला राधाकिशनचं नाव गेलं. वाडीवर दिवसाआड टँकर सुरू झाला. राधाकिशन साहेबांकडून परतला तेव्हाच पाशानं दोन चहा सांगितले होते आणि विचारलं होतं, "काय म्हनले साहेब?"

"मानलं म्हनले."

"कुनाला?"

"चहा घे, निवतोय," राधाकिशन म्हणाला.

शिबिराहून आल्यावर साहेबांना नक्की सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. शिबिर होऊन बरेच दिवस झाले. तो आता स्वतःच नव्या पोरांना तो सवाल शिकवतो, आणि फार छान शिकवतो. पाशा शेजारीच बसून गोळ्या मोजत असतो.