साडेनऊला बंद पडणारा डबा

"मेधाजी, आपका डब्बा फिर बैठ गया."

भाटियासाहेब माझ्या टेबलापाशी येऊन सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मंगळवार होता, सकाळचे दहा. आदल्या संध्याकाळीच या माझ्या मॅनेजरला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की काम झालं, आता पुन्हा तक्रार येणार नाही.

डब्बा म्हणजे आमच्या ऑफिसचा फायरवॉल. ऑफिस आणि बाहेरचं इंटरनेट यांच्या मध्ये बसून आत काय येतं, बाहेर काय जातं ते तपासणारा कॉम्प्युटर. नोएडात तेव्हा सेक्टरमागून सेक्टर उठत होते आणि दर दुसऱ्या बिल्डिंगवर सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागत होती. आमची त्यातलीच एक. तयार फायरवॉल परदेशातून मागवायचा तर मंजुरीलाच सहा महिने. म्हणून मी स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला जुना पीसी उचलला, दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून तीन नेटवर्क कार्डं आणली, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि घरच्या घरी फायरवॉल उभा केला. एक कार्ड बाहेरच्या लाइनला, दुसरं ऑफिसला, तिसरं कॉन्फरन्स रूमला, म्हणजे पाहुण्यांचे लॅपटॉप आमच्या कॉम्प्युटरांपासून वेगळे राहतील. आठ महिने तो कुरकुर न करता चालला. तेव्हा भाटियासाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे, "हमारा इन-हाउस सोल्यूशन." बिघडला तसा तो माझा डब्बा झाला.

गुरुवारी परदेशातून क्लायंटची माणसं येणार होती आणि डेमो याच लाइनवरून होता.

"कल शाम तक ठीक नहीं हुआ तो ये डब्बा कबाड़ में," भाटिया म्हणाले. "और आपका कन्फर्मेशन लेटर मेरी ड्रॉअर में."

मी प्रोबेशनवर होते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. सरकारी परीक्षा दे म्हणून बाबांनी दोन वर्षं डोकं खाल्लं होतं आणि मी त्यांच्याशी भांडून प्रायव्हेटमध्ये आले होते. वर्षाच्या आत नारळ मिळाला हे घरी जाऊन सांगण्याची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

सोमवारी सकाळी नेट पहिल्यांदा रांगायला लागलं तेव्हा मी मशीन तपासलं होतं. प्रोसेसर पूर्ण गुंतलेला, पण बोट दाखवावं असा एकही प्रोग्रॅम नाही. सगळा वेळ इंटरप्टमध्ये जात होता. इंटरप्ट म्हणजे दारावरची बेल समजा. कार्डात बाहेरून काही आलं की ते बेल वाजवतं. प्रोसेसर तव्यावरची पोळी तशीच टाकून दार उघडायला जातो आणि परत येऊन पोळी उलटतो. महागडी कार्डं चार पाहुणे जमले की एकदा बेल वाजवतात, माझी स्वस्तातली दर पाहुण्याला वाजवायची. एरवी ते खपून जायचं. सोमवारी सेकंदाला हजारो वेळा वाजत होती. पोळी करपणारच.

बेल कुणाची हे मशीन दाखवतं. पण जुन्या पीसीत बेलांचे नंबर मोजकेच असतात, त्यामुळे दोन कार्डांना एकच नंबर मिळतो, दोन फ्लॅटना मिळून एकच बेल असावी तसा. फुगलेला आकडा होता तो ऑफिसचं कार्ड आणि कॉन्फरन्स रूमचं कार्ड यांच्या सामाईक नंबरवर. कॉन्फरन्स रूम तर रिकामी. म्हणजे गुन्हेगार ऑफिसचं कार्ड. याहून जास्त विचार मी केला नाही.

दुपारी नेहरू प्लेसला जाऊन मी दुकानदाराला फैलावर घेतलं. डुप्लिकेट माल गळ्यात मारलात, असं मी म्हणाले.

"मॅडम, माल खराब होता तो आठ महीने कैसे चलता?" त्यानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी तो ऐकून घेतला नाही. नवं कार्ड आणलं आणि सहानंतर ऑफिस रिकामं झाल्यावर बसवलं. आकडा एकदम खाली. भाटियांना फोन केला आणि घरी जाताना सरोजिनी नगरला उतरून स्वतःला बक्षीस म्हणून एक कुर्ता घेतला.

आणि मंगळवारी हे असं. मला कार्डाचा राग आला, दुकानदाराचा आला, भाटियांचा तर आलाच. दिवसभर मशीन उघडायला त्यांनी मनाई केली होती, रांगतं तरी चालतंय ना, म्हणे. मी आकड्यांकडे बघत पुटपुटत शिव्या घालत बसले. मराठीतून, कारण त्या फ्लोअरवर कुणाला त्या कळल्या नसत्या.

कळणारा एकच माणूस होता, आमचे अ‍ॅडमिन सुपरवायझर मोरे. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मुलांच्या शिक्षणासाठी दिल्लीतच राहिले आणि एका एजन्सीमार्फत आमच्याकडे लागले. चाव्या, दिवे, एसी, साफसफाई सगळं त्यांच्याकडे.

"ताई, किती शिव्या देताय," चहा ठेवत ते म्हणाले. "मशीनला बी कळतं."

"कळत असतं तर सुधारलं नसतं का, काका?" मी खेकसले.

सहा वाजता मशीन उघडलं. कार्डांच्या जागा बदलल्या, पीसीची वापरात नसलेली पोर्टं, म्हणजे वायरी जोडायची तोंडं, बंद करून त्यांचे बेलचे नंबर मोकळे केले. शेवटी तिन्ही कार्डांना तीन स्वतंत्र बेला मिळाल्या. सगळं शांत. या वेळी मी कुणालाही फोन केला नाही.

बुधवारी नऊलाच जाऊन आकड्यांसमोर बसले. ऑफिसात मी, मोरे आणि झाडू मारणारी बाई, एवढेच. साडेनऊला एक आकडा उसळला. ऑफिसच्या कार्डाचा नाही, कॉन्फरन्स रूमच्या कार्डाचा. जिथे चिटपाखरू नव्हतं तिथून सेकंदाला हजारो वेळा बेल वाजत होती.

त्याच वेळी कॉरिडॉरमध्ये चाव्यांचा जुडगा वाजला. कॉन्फरन्स रूम उघडून, आतला विजेचा मेन स्विच चालू करून मोरे बाहेर येत होते. रोज साडेनऊला चालू, संध्याकाळी सहाला बंद. फौजी टाइम. म्हणूनच माझी दुरुस्ती रोज संध्याकाळी यशस्वी होत होती.

मी आत धावले. टेबलाखाली आमचा नेटवर्कचा छोटा स्विच होता, एका लाइनची पाच तोंडं करणारी डबी. तिचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी तिथे एक वायर असते, एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं टेबलावर मोकळं. ते मोकळं टोक कुणीतरी त्याच स्विचच्या कडेच्या भोकात खोचून ठेवलं होतं. आता काय होणार? खोलीतला प्रिंटर चालू झाला की सगळ्यांना हाक देतो, मी आलो. ती हाक त्या वायरीतून फिरून परत स्विचमध्ये येणार, पुन्हा सगळ्यांना जाणार, पुन्हा फिरणार. तिला थांबा नाही. आणि प्रत्येक फेरीला माझ्या मशीनची बेल.

मी मोरेंवर तुटून पडले. वडिलांच्या वयाचा माणूस, आणि झाडूवाल्या बाईसमोर.

"कुणी सांगितलं होतं वायरीला हात लावायला? तीन दिवस जीव जातोय माझा. नोकरी जायची वेळ आलीय. अक्कल गहाण टाकलीत का?"

मोरे सावधान उभे राहिले. खरोखरच, टाचा जुळवून.

"ताई, ऑर्डर होती."

"कुणाची ऑर्डर?"

त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. दाराच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. 'कोई भी तार खुला लटकता न मिले. हर तार अपनी जगह लगा हो.' खाली माझी सही.

आदल्या शुक्रवारी एका पाहुण्याचा पाय त्या वायरीत अडकला होता. मी संतापून तो कागद लिहिला, चिकटवला आणि विसरले. 'अपनी जगह' म्हणजे कुठली, ते काही लिहिलं नव्हतं.

"सोमवारी बघितलं, एक टोक मोकळं," मोरे समोर बघत म्हणाले. "शेजारीच जागा रिकामी. लावलं. खट्ट वाजलं, दिवा बी लागला. म्हटलं बरोबर बसलं."

मी वायर ओढून काढली. दिवे शांत झाले. जागेवर जाऊन बघितलं तर आकडाही खाली आला होता. 'काका, चुकलं माझं,' एवढं म्हणायला मला दुपार उजाडावी लागली.

दहाला भाटिया आले. सगळं ऐकून खूश झाले.

"अच्छा, मोरे ने किया. बढ़िया. ऊपर जो मेल जाएगा, उसमें उसका नाम डाल दो. एजेंसी का आदमी है, कल दूसरा आ जाएगा."

'बढ़िया' ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. तीन दिवसांत पहिल्यांदा राग योग्य माणसावर आला.

"सर, ऑर्डर मेरा था. मेरा नाम डालिए."

"सोच लीजिए. कन्फर्मेशन का मामला है."

"सोच लिया."

काही विचार-बिचार केला नव्हता. रागाच्या भरात बोलून गेले, आणि मग मागे घ्यायची लाज वाटली.

गुरुवारचा डेमो त्याच डब्यावर बिनबोभाट झाला. माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं गेलं, कारण निष्काळजीपणा. बाबा म्हणाले, "सरकारीत असं होत नाही. तिथे कुणाचंच नाव वर जात नाही." शनिवारी नेहरू प्लेसला जाऊन दुकानदाराची माफी मागितली. त्यानं लिम्का पाजला आणि आणखी एक कार्ड विकलं.

त्याआधी शुक्रवारी मी नवा कागद लिहून मोरेंना दाखवला होता. 'कोई भी तार मुझसे पूछे बिना न लगाएँ, न निकालें.' त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बरोबर हाय. पण आधी जुना काढा, ताई. दोन ऑर्डरी असल्या की जवान सोयीची पाळतो."

जुना कागद मी नखानं खरवडून काढला. सगळा निघाला, सहीचा तुकडा तेवढा दाराला चिकटून राहिला. काही बिघडलं की आपण शेवटचं काय केलं होतं ते आधी आठवावं, असं मी नव्या मुलांना सांगते. मला स्वतःला ते अजूनही सगळ्यांवर ओरडून झाल्यावरच आठवतं.