हेल्मेट आरशाला होतं

“सबड्युरल हिमॅटोमा आहे,” डॉक्टर म्हणाले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पुन्हा सोप्या भाषेत सांगितलं, “कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलंय. मेंदू दाबला जातोय. लगेच ऑपरेशन करावं लागेल.” मग विचारलं, “डोक्यावर हेल्मेट होतं का?”

“होतं की,” मी म्हटलं. “गाडीच्या आरशाला लटकवलेलं! रोज घसा फोडून सांगते, ऐकतंय कोण?”

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मी तोंडाळ आहे, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. पण ते असं कागदावर येईल असं वाटलं नव्हतं.

मी चिखलीला राहते, एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते. माझे मिस्टर, सुनील, चाकणच्या कंपनीत मशीनवर होते. तिकडे गेटवर हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडत नाहीत. त्यामुळे हेल्मेट प्रत्येकाकडे असतं, आणि घालतात सगळे गेट दिसायला लागल्यावर. तोवर ते आरशाला नाहीतर कोपराला. डोकं काय फक्त कंपनीच्या दारातच फुटतं?

त्या दिवशी ते सेकंड शिफ्टला निघाले होते. मोशीच्या पुढे एका कारनं दुभाजकाच्या फटीतून इंडिकेटर न देता वळण घेतलं. चूक कारवाल्याची, यात वादच नाही. पण हातापायांना नुसतं खरचटलं होतं. लागलं ते सगळं डोक्याला.

क्रॅनिएक्टॉमी केली. म्हणजे सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात. तो नंतर परत बसवतात. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. दिवसातून दोनदा आत सोडायचे. नवव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं. मी त्या वॉर्डातल्या सिस्टरच्या गळ्यात पडून रडले, तिनं मला ढकललं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “फ्रंटल लोबला मार आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग. राग आवरणं, बोलताना विचार करणं, गोष्टी लक्षात ठेवणं, यावर परिणाम होतो. जुनाच माणूस घरी येईल, असं धरून चालू नका. आणि त्यांना चिडू देऊ नका.”

आले ते खरंच वेगळे होते. पूर्वी मी कितीही बडबडले तरी “झालं का गं?” म्हणून हसत डबा उचलून निघायचे. आता आमटी गरम लागली म्हणून ताट भिंतीवर भिरकावलं. वास येणं तर बंदच झालं. अपघात अजिबात आठवत नव्हता. पण एक प्रश्न रोज असायचा: “मी हेल्मेट घातलं होतं ना?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझा दीर किरण शेजारी होता. मी तोंड उघडायच्या आत त्यानं सांगून टाकलं, “होतं की दादा.” ते लगेच शांत झाले. मग मीही तेच सांगायला लागले. गोळ्या द्यायच्या आणि हेही सांगायचं. त्यांच्यावर ओरडणं मी पार बंद केलं. ताट फेकलं तरी गप्प बसून फरशी पुसायची. मला माझीच ओळख पटत नव्हती.

मशीनवर उभं राहणं आता शक्य नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि नोकरी गेली. कारच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळावी म्हणून आम्ही दावा केला. पुढचं सगळं आयुष्य त्यावरच होतं. आमच्या वकिलांनी समजावलं, “काँट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात, म्हणजे आपल्या नुकसानीला थोडे आपणही जबाबदार. तेवढी भरपाई कापतात, पण दावा बुडत नाही.” मग ते दवाखान्याचे कागद चाळायला लागले आणि एका ओळीवर थांबले: पत्नीच्या सांगण्यानुसार रुग्णाने हेल्मेट घातले नव्हते.

“वहिनी,” किरण म्हणाला, “दादा मरणाच्या दारात, आणि तुम्हाला तिथंही टोमणेच सुचले? जरा गप्प बसवत नाही का हो तुम्हाला?”

तो खोटं बोलत नव्हता. वकिलांच्या ऑफिसातून खाली उतरल्यावर त्यानं मला पढवलं, “विचारलं तर म्हणायचं, मी घाबरले होते, काय बोलले आठवत नाही. बाकी एक शब्द नको.” मी मान डोलावली. भांडी घासताना, बसमध्ये, सगळीकडे तेवढंच घोकत होते. आठवत नाही, आठवत नाही.

साक्षीच्या दिवशी मिस्टरांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून कोर्टात मागच्या बाकावर बसवलं. विमा कंपनीच्या वकिलांनी केसपेपर वाचून दाखवला. “हे तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई?”

मी घोकलेलं म्हणणार, तेवढ्यात मागून मोठ्यानं आवाज आला, “अगं, सांग ना त्यांना! घातलं होतं म्हणून सांग!”

सगळे वळून बघायला लागले. ते अर्धवट उभे राहिले होते आणि मला धीर देत होते. रोज मीच सांगितलेलं खोटं किती विश्वासानं धरून बसले होते! पैसे हवे होते हो, फार हवे होते. पण त्या चेहऱ्याकडे बघून मला ते घोकलेलं वाक्य म्हणता येईना.

“मीच सांगितलं होतं,” मी म्हटलं. “हेल्मेट आरशाला होतं.”

किरण तिथूनच निघून गेला. पुढे निकाल लागला, त्यात आमच्या चुकीचा वाटा कापून भरपाई मंजूर झाली. किरण अजून आमच्याकडे येत नाही.

त्या दिवशी कोर्टाबाहेर मी जीव मुठीत धरून उभी होते. आता हे काय फेकतील, कोणाला शिव्या देतील? ते पायरीवर बसले.

“म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग ओरडली का नाहीस?” ते म्हणाले. “आधी तर सारखी ओरडायचीस. मला वाटलं, हा काही आता सुधारत नाही, म्हणून तू माझा नाद सोडलास.”

मग मात्र माझा बांध फुटला. “अहो, एकच डोकं होतं ना! कंपनीनं सांगितलं की घालता, बायकोनं सांगितलं तर आरशाला?” अपघातापासूनचं साठलेलं सगळं बाहेर आलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

तुमच्या घरात अशी वेळ आली तर आपलीही चूक आहे म्हणून लाजून बसू नका, दावा करा. कमी मिळतं, पण मिळतं. आणि पेशंटशी खोटं बोलू नका. त्यानं बरं वाटतं ते आपल्याला.

ते बरे झालेले नाहीत, होतील असंही कोणी म्हणत नाही. कोर्टातलं तर ते आठवडाभरात विसरले. अजूनही जेवायच्या वेळेला विचारतात, “मी हेल्मेट घातलं होतं ना?” मी सांगते, “नव्हतं.” त्यांना ते नव्यानंच कळतं, चेहरा पडतो. मग मी ओरडते, आणि ते हात धुऊन जेवायला बसतात.