डाग नसलेलं पान

मामांच्या हातात प्रयोगाचं जर्नल दिलं की ते आधी वाचत नसत. पान उजेडाकडे धरून डाग शोधत. डाग नसला की वही परत. "लई साफ हाय की! प्रयोग केलास का घरी बसून गोष्ट लिवलीस?" नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्रयोगशाळा सहायक होते; सगळे त्यांना मामाच म्हणत. सहीचा अधिकार प्राध्यापकांचा, पण मामांनी मान हलवल्याशिवाय प्राध्यापक पेन उघडत नसत.

दुष्काळाच्या वर्षी, पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या माझ्या वडिलांची लातूरला बदली झाली. मी पहिल्या वर्षाला होते, उमरीहून रोज येऊन-जाऊन शिकत होते. लातूरच्या कॉलेजाने सांगितलं, नांदेडची टर्म धरू, पण सगळ्या प्रयोगांवर सह्या असलेलं जर्नल आणा. वडील म्हणाले, "वर्ष गेलं तर शिक्षण बंद. आत्या वाटच बघून राहिलीय." आत्याला सून हवी होती आणि मला आत्याचा मुलगा नको होता. अडचण अशी, की प्रयोगशाळेचे नळ दिवाळीपासून कोरडे होते आणि माझे सहा प्रयोग राहिले होते. मैत्रिणीच्या वहीतले आकडे उतरवून मी मामांपुढे उभी राहिले. पानांवर चहाचे चार थेंबही टाकून नेले होते.

मामांनी पान नाकाशी नेलं. "साखर जास्त पडली," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. "सगळे असंच करतात, मामा. पाणीच नाही तर मी काय करू?"

"हाव, पानी न्हाई. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरियरला पत्र्याचा डबा बांधून ते आले. त्यांच्या खोलीवरच्या नळाचं, त्यांच्या वाट्याचं पाणी होतं ते. तुम्हाला लागणार नाही का, विचारलं तर म्हणाले, "एकट्या मानसाला किती लागतंय?" त्यातलंच थोडं उकळून, वाफ थंड करून ते प्रयोगापुरतं शुद्ध पाणी काढत, थंड करायला वापरलेलं परत डब्यात ओतत. आठ दिवस त्या मोठ्या रिकाम्या खोलीत आम्ही दोघंच होतो. सहावा प्रयोग चुकला, तोही त्यांनी पुन्हा करायला लावला. शेवटच्या दिवशी त्यांच्या शर्टाची कॉलर मळून काळी झाली होती. मी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

माझी टर्म धरली गेली. पुढे मी लातुरातच रसायनशास्त्र शिकवू लागले. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी परीक्षेच्या कामाला नांदेडला गेले, तर मामा निवृत्त झालेले. त्यांची खोली शोधून काढली. एक खाट, एक खुर्ची. खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. तिथे कुणी बसायला येत नाही हे कळत होतं.

चहा झाल्यावर त्यांनी पेटीतून एक जर्नल काढलं, उर्दूत लिहिलेलं. हैदराबादला ते दोन वर्षं विज्ञान शिकले होते. रझाकारांच्या धामधुमीत कॉलेज बंद पडलं, आणि सह्या नसलेलं ते जर्नल पुढे कुठल्याच कॉलेजाने धरलं नाही. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"तुमी आता प्राध्यापक, बाई. जरा तपासता का?"

ते वाचून मराठीत सांगत गेले, मी आकडे ताळून बघत गेले. पानोपानी डाग होते. शेवटचं पान मात्र स्वच्छ.

"मामा, इथं डाग दिसत नाही."

ते आधी दचकले, मग मोठ्याने हसले. "तेवढा राहिला. दोस्ताचे आकडे लिवले."

"मग सही कशाची? सुट्टीत लातूरला या. माझ्या प्रयोगशाळेत करून दाखवा, मग सगळ्यांवर सही करते."

"येतो की!" ते म्हणाले, आणि जर्नल माझ्याच हवाली केलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सुट्टी लागायच्या आधीच ते गेले. शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

जर्नल माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी सही करून टाकली असती तर काय बिघडलं असतं, असं वाटत राहतं. कधीकधी पेनही उघडते. मग ते शेवटचं पान उजेडाकडे धरते, आणि पेन बंद करते.